मशीनची वॉरंटी आणि आपली पर्चेस ऑर्डर: जिल्ह्यातल्या औद्योगिक संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
औद्योगिक संघटना, कोल्हापूर जिल्हा
(शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, इचलकरंजी, हुपरी)

विषय: यंत्रखरेदीच्या समाईक अटी ठरवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

नवीन मशीन बंद पडलं, कंपनी दाद देईना, म्हणून एखादा सभासद संघटनेच्या ऑफिसात येतो. तिथं त्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'ग्राहक मंचात टाका केस.' मंचाचा २०२० पासून आयोग झाला, सल्ला मात्र तोच राहिला. दहा-वीस कामगार असलेल्या कारखानदाराला तो बहुतेक वेळा गोत्यात आणतो. तारखांमध्ये वर्ष-दोन वर्षं जातात, शेवटी 'व्यावसायिक हेतू' या दोन शब्दांवर तक्रार फेटाळली जाते, आणि तोवर दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत संपत आलेली असते. चुकीच्या दारात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो. पण तो मिळवायला पुन्हा वेगळं भांडण आलंच.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, कलम २(७): पुनर्विक्रीसाठी किंवा व्यावसायिक हेतूनं वस्तू घेणारा 'ग्राहक' नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सवलत आहे. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापरायला वस्तू घेतली असेल तर तो व्यावसायिक हेतू धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ही रेघ ओढली. त्या प्रकरणातली सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ घेणारा ग्राहक ठरला नाही. पण त्याच निकालात न्यायालयानं असंही म्हटलं की जो माणूस लेथ घेऊन स्वतः चालवतो तो ग्राहक आहे, आणि हाताखाली एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचा हा हक्क जात नाही. म्हणजे उद्यमनगरातल्या गाळ्यात एकच लेथ टाकून स्वतः उभा राहणारा टर्नर, हुपरीत घरात पॉलिशिंगचं मशीन लावणारा चांदी कारागीर, शिलाई मशीनवर चपलेचे पट्टे शिवणारा, पिठाची गिरणी चालवणारी बाई, हे सगळे आयोगात जाऊ शकतात. २०१८ मध्ये दोन बेरोजगार पदवीधरांनी भागीदारीत घेतलेल्या फोटो प्रिंटिंग मशीनच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्राहक मानलं.

अशा सभासदाला जरूर पाठवा, पण तयारी करून पाठवा. तक्रारीत 'केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून' हे वाक्य आलंच पाहिजे. ते राहिलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढ्यावर बोट ठेवतो. जोडीला कर्जमंजुरीचं पत्र (मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं असेल तर उत्तमच), उद्यम नोंदणी, कामगार नाहीत किंवा एखादाच आहे हे दाखवणारा कागद आणि आयकर विवरण. खरेदी व्यावसायिक हेतूची होती हे आधी विक्रेत्यानं सिद्ध करायचं, आणि मग स्वयंरोजगाराचा मुद्दा तक्रारदारानं सिद्ध करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं आहे. मशीनची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार करता येते. राजकोटला खेपा घालाव्या लागत नाहीत.

मोठ्या कारखान्यालाही एक फट आहे. खरेदीचा मुख्य हेतू नफा कमावण्याशी थेट जोडलेला नसेल तर कंपनीसुद्धा ग्राहक ठरू शकते. हॉस्पिटलच्या ट्रस्टनं नर्सेसच्या राहण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटांबाबत २०१९ मध्ये तसा निकाल झाला. त्या न्यायानं कामगारांच्या कॅन्टीनमधला वॉटर कूलर कदाचित बसेल. व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मशीनिंग सेंटर), भट्टी, कंप्रेसर, एअरजेट माग बसणार नाहीत.

मग बाकीच्यांनी जायचं कुठं? वस्तू विक्री अधिनियम, १९३०. कोल्हापुरात या कायद्याचं नाव क्वचितच कुणी काढतं. यात खरेदीदार घरगुती की धंदेवाला असा भेद नाही. कलम १६ च्या तीन गोष्टी कामाच्या. आपण मशीन कशासाठी घेतोय हे विक्रेत्याला कळवलं, त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून घेतलं, आणि तशा वस्तू विकणं हा त्याचा धंदाच असेल, तर ते त्या कामाला योग्य असण्याची अट करारात न लिहिताही येते. फक्त 'अमुक मॉडेल, १ नग' अशी ट्रेड नावानं ऑर्डर दिली की ती अट निसटते. आणि लेखी वॉरंटी दिली म्हणून ही गर्भित अट आपोआप रद्द होत नाही, विसंगत असेल तरच होते. पण कलम ६२ खाली दोन्ही बाजू लेखी करारानं ती उडवू शकतात, आणि छापील कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नेमकं तेच केलेलं असतं: 'दुरुस्ती किंवा बदली एवढीच जबाबदारी, उत्पादनाच्या नुकसानीची नाही.' दोन धंदेवाल्यांमधला असा करार न्यायालयं सहसा मानतात.

म्हणून ऑर्डरमध्ये मॉडेलच्या खाली हे वाक्य हवं: 'सदर मशीन ड्रॉइंग क्र. ___ प्रमाणे पंप हाउसिंगचं बोअर एच७ मध्ये, तीन शिफ्टमध्ये, ___ मिनिटांच्या सायकल टाइमनं मशीन करण्यासाठी घेत आहोत, व ते या कामास योग्य असल्याची शिफारस आपण दि. ___ च्या कोटेशनमध्ये केली आहे.' (एच७ म्हणजे छिद्राच्या मापाची ठरलेली अचूकता.) या एका वाक्यानं तीन कामं होतात. हेतू कळवला जातो, भरवसा नोंदला जातो, आणि तीन शिफ्टचा उल्लेख येतो.

तीन शिफ्ट का, ते बघा. बऱ्याच कोटेशनमध्ये '१२ महिने किंवा २००० तास, जे आधी होईल ते' असं असतं. एका शिफ्टला याचा फारसा फटका बसत नाही. आपल्या फाउंड्र्या तीन शिफ्ट चालतात. २४ तास गुणिले २६ दिवस, महिन्याचे ६२४ तास. २००० तास सव्वातीन महिन्यांत संपतात! स्क्रू कंप्रेसर घेताना ही ओळ वाचायचीच, आणि तेलाचीही. कंपनीचंच तेल आणि फिल्टर वापरल्याची बिलं नसतील तर एअरएंडची (हवा दाबणाऱ्या मुख्य भागाची) वॉरंटी गेली असं समजा. बाजारातलं स्वस्त तेल घातलेलं नसलं, तरी ते घातलं नव्हतं हे दाखवणारा कागद लागतो.

दुसरा सापळा 'कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, जे आधी होईल ते'. कमिशनिंग म्हणजे मशीन बसवून चालू करून देणं. पण मशीन येऊन पेटीत पडतं. फाउंडेशन व्हायचं असतं, महावितरणचा वाढीव भार मंजूर व्हायचा असतो, मधे पावसाळा येतो. आठ महिने गेले की हातात राहिले दहा. उपाय सोपा आहे: फाउंडेशनचं ड्रॉइंग ॲडव्हान्सबरोबरच मागून घ्यायचं, आणि डिस्पॅच 'साइट तयार असल्याच्या खरेदीदाराच्या पत्रानंतरच' असं लिहायचं.

तिसरी ओळ आणखी निरुपद्रवी दिसते: 'इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक व बाहेरून घेतलेले भाग त्या त्या उत्पादकाच्या वॉरंटीनुसार.' सीएनसीत कंट्रोलर, ड्राइव्ह, सर्वो मोटर, बॉल स्क्रू, कधीकधी स्पिंडलसुद्धा बाहेरचा. उरलं काय, बेड आणि पत्रा. वर ड्राइव्हच्या उत्पादकाची वॉरंटी मशीनवाल्यानं ड्राइव्ह विकत घेतल्यापासून सुरू झालेली असू शकते. 'संपूर्ण मशीन, बाहेरून घेतलेल्या भागांसह, एकाच विक्रेत्याच्या वॉरंटीत' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स सोडू नये.

फाउंड्रीवाल्यांसाठी भट्टीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महागडी भांडणं तिथली असतात. इंडक्शन भट्टीचं लायनिंग (आतला उष्णतारोधक थर) झिजलं, वितळलेलं मेटल कॉइलपर्यंत पोचलं, तांब्याची नळी पंक्चर झाली. कंपनीचं ठरलेलं उत्तर: लायनिंग कन्झ्युमेबल आहे, रॅमिंग (थर ठोकून बसवणं) तुमच्या माणसांनी केलं, सिंटरिंग (थर तापवून पक्का करणं) नीट झालं नाही, कॉइल वॉरंटीत नाही. दोष कॉइलच्या इन्सुलेशनचा किंवा ग्राउटिंगचा असेल तरी हेच उत्तर येतं. खोडून काढायचं तर चार नोंदी लागतात. लायनिंग कधी केलं आणि त्यावर किती हीट (वितळवणीच्या खेपा) झाल्या. सिंटरिंगचा वेळ-तापमानाचा तक्ता. कूलिंगच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची कंडक्टिव्हिटी, रोजची, मॅन्युअलमधल्या मर्यादेशेजारी लिहिलेली. आणि ग्राउंड लीकेज डिटेक्टरचं प्रत्येक शिफ्टचं रीडिंग. लीकेज हळूहळू चढत गेलं असेल तर संशय लायनिंगवर जातो. लायनिंग नवं, हीट मोजक्या आणि रीडिंग एकदम उडालं, तर कॉइलकडे बोट दाखवायला जागा मिळते. ही वही ठेवायला रोजची पाच मिनिटं लागतात. पहिलं लायनिंग कमिशनिंगच्या वेळी कंपनीचाच माणूस करून देतो. ते 'कंपनीच्या देखरेखीखाली' असं रिपोर्टवर लिहून सही घ्यायची.

प्रति टन युनिटची हमी हा तसाच गुळगुळीत मामला. समजा टनाला ५५० युनिट लिहिलंय. मोजायचे कुठं? पॅनेलच्या आउटपुटला मोजले तर ट्रान्सफॉर्मरचा लॉस आणि पंपांची वीज त्यात येत नाही. बिल मात्र एचटी (उच्च दाबाच्या) मीटरवर येतं. टॅपिंग तापमान किती, चार्जमध्ये (भट्टीत घातलेल्या मालात) बोअरिंग (लोखंडाचा कीस) किती आणि रिटर्न (फाउंड्रीतलंच परत वितळवायचं लोखंड) किती, लायनिंग थंड की गरम, सलग कितव्या हीटचं रीडिंग, हे पाच मुद्दे नसतील तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता कमिशनिंग. वस्तू विक्री अधिनियमाचे कलम १३ आणि ४२ एकत्र वाचले की गोष्ट स्पष्ट होते. माल एकदा 'स्वीकारला' की मूलभूत अट मोडली असली तरी, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मशीन परत करण्याचा हक्क जातो आणि फक्त नुकसानभरपाई उरते. स्वीकारणं म्हणजे तसं कळवणं, किंवा मालक झाल्यासारखं वागणं, किंवा वाजवी काळ गप्प बसणं. आणि आपल्याकडे स्वीकार कसा होतो? इंजिनिअर दोन दिवस आलेला असतो, संध्याकाळची गाडी पकडायची असते, छापील रिपोर्टवर 'मशीन वर्किंग सॅटिस्फॅक्टरी' या चौकोनात आधीच टिक असते. सुपरवायझर सही करून शिक्का मारतो. ४० लाखांचं मशीन परत करायचा हक्क त्या शिक्क्याखाली गेला.

सही कधी करायची ते ऑर्डरमध्येच ठरवा. व्हीएमसी असेल तर: स्पिंडल टेपरमध्ये ३०० मिमीचा टेस्ट बार लावून रनआउट (फिरताना होणारी डुगडुग), जॉमेट्री चार्ट (मशीनच्या सरळपणा-काटकोनाची मोजमापं) आपल्या शेडमध्ये लेव्हलिंगनंतर पुन्हा मोजलेला (कंपनीतला चार्ट वाहतुकीनंतर नुसता कागद असतो), लेझरनं पोझिशनिंग आयएसओ २३०-२ प्रमाणे, बॉलबार (गोल फिरण्याची अचूकता मोजणारी चाचणी) आयएसओ २३०-४ प्रमाणे, आणि आपल्याच कास्टिंगचे सलग ३० किंवा ५० पीस घेऊन सीपीके (पीस सातत्यानं मापात येण्याचा निर्देशांक) १.६७, निदान १.३३. हे सगळं झाल्यावर स्वीकार. तोवर सही करावीच लागली तर हातानं लिहा: 'इंजिनिअर हजर होते. चाचण्या बाकी. स्वीकार नाही.' तारीख, वेळ, मशीनचा तासांचा आकडा. फोटो तिथंच काढायचा.

याच टप्प्यावर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचा एक बोचरा नियम आहे, आणि तो ठाऊक नसल्यानं चांगली माणसं अडकतात. मशीन बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी अधिनियमाप्रमाणे डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. स्वीकाराचा दिवस डिलिव्हरीचाच धरून तिथून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. मशीन चालत नाही म्हणून शेवटचे १० टक्के रोखून धरणारा कारखानदार मग फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (लघुउद्योगांच्या थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेपुढे) देणेकरी म्हणून उभा राहतो, आणि निकाल विरोधात गेला तर त्याला आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून मशीन गाडीतून उतरलं की पंधरा दिवसांच्या आत ईमेल: 'मशीन मिळालं, कमिशनिंग व चाचण्या झालेल्या नाहीत, त्या पूर्ण होईपर्यंत आमची हरकत नोंदवावी.' तीन ओळी पुरतात. फोनवर सांगितलेलं चालत नाही.

ब्रेकडाउनच्या वेळी काय करायचं ते थोडक्यात. मशीन थांबवा, अलार्मचा स्क्रीन, तासांचा मीटर आणि नंबर प्लेटचे फोटो घ्या. २४ तासांत ईमेल करा, त्यात इनव्हॉइस नंबर, सिरियल नंबर, अलार्म क्रमांक, बंद पडल्याची वेळ. उद्यमनगरातला ओळखीचा फिटर कंपनीच्या माणसापेक्षा हुशार असेलही, पण लेखी परवानगीशिवाय त्यानं स्पिंडल उघडला की कंपनीला आयतं निमित्त मिळतं. व्होल्टेज हे त्यांचं दुसरं आवडतं निमित्त. ४१५ व्होल्ट अधिक-उणे १० टक्के म्हणजे ३७३.५ ते ४५६.५. पॅनेलवर नोंद ठेवणारा मीटर आणि वर्षातून एकदा अर्थिंगचा रिपोर्ट असेल तर तो वाद तिथंच मिटतो. काढून नेलेला भाग सिरियल नंबरसह डिलिव्हरी चलनावरच द्या. वॉरंटीत मोफत बदललेल्या भागावर कंपनी जीएसटी मागत असेल तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १७ जुलै २०२३ चं परिपत्रक क्र. १९५ पुढे करा. वेगळी रक्कम घेतली नसेल तर कर लागत नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मोबाईल बदलताना चॅट घालवू नका.

नुकसान मागायचं तर करार कायद्याचं कलम ७३ दूरचं नुकसान देत नाही. नेहमीच्या ओघात सहज होणारं, किंवा करार करताना दोघांना ज्याची कल्पना होती, तेच देतं. ग्राहकाचं शेड्यूल आणि उशिराचा दंड ऑर्डरमध्ये लिहिण्याचं कारण हे. शिवाय आपण नुकसान कमी करायचा प्रयत्न केला हेही दिसलं पाहिजे. काम बाहेर जॉबवर्कला दिल्याची बिलं त्यासाठी जपायची. दावा ३ लाखांच्या वर असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाचा, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी सक्तीची. मात्र कोटेशनवर 'फक्त कोइम्बतूर न्यायक्षेत्र' छापलेलं असेल आणि आपण ते न वाचता ॲडव्हान्स पाठवला असेल, तर बावड्याचा रस्ता विसरायचा.

आता संघटनांकडे आमचं मागणं.

एकानं 'बाहेरचे भागही वॉरंटीत घ्या' म्हटलं तर कंपनी हसते. दोनशे जणांची ऑर्डर एकाच छापील अटींवर आली तर ऐकते. म्हणून सगळ्या संघटनांनी मिळून दोन पानांच्या समाईक खरेदी अटी कराव्यात, मराठीत आणि इंग्रजीत. वर लिहिलेल्याशिवाय त्यात एवढं असावं: वॉरंटी चाचण्या पूर्ण झाल्यापासून, तासांची मर्यादा नाही. मशीन जितके दिवस बंद तितकी वॉरंटी पुढे. बदललेल्या भागाला नवे १२ महिने. ४८ तासांत माणूस हजर. सुटे भाग १० वर्षं मिळतील. पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम आणि पॅरामीटरचा बॅकअप ताब्यात, आणि पैशासाठी पीएलसीत टाइम लॉक टाकलेला नाही असं लेखी. (हे लॉक टाकतात. ठरलेल्या तारखेला मशीन आपोआप थांबतं आणि वर पासवर्ड मागतं.) किमतीच्या १० टक्क्यांची बँक गॅरंटी, वॉरंटी संपल्यावर आणखी ३ महिने चालणारी. विक्रेत्याच्या ऑर्डर ॲक्सेप्टन्सवर वेगळ्या अटी असतील तर त्या मान्य नाहीत. न्यायक्षेत्र कोल्हापूर.

आपल्यातले बरेच सभासद स्वतः मशीन बनवून विकतात, आणि हा विषय आजवर विषयपत्रिकेवर न येण्याचं कारण आमच्या मते तेच आहे. त्यांनाही या मसुद्याला बसवा. विकणाऱ्याला झेपणार नाहीत अशा अटी कागदावरच राहतात, आणि व्होल्टेज, पाणी, तेल यांच्या नोंदी ठेवणं खरेदीदारावर बांधून घातलं तर चांगल्या मशीनवाल्याचंही खोट्या तक्रारीपासून रक्षण होतं.

दुसरं, बँका. कर्जाची पूर्ण रक्कम प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर थेट विक्रेत्याला जाते, मग हातात रोखायला काही उरत नाही. हप्ता मात्र बंद मशीनवरही सुरूच. ३० टक्के ॲडव्हान्स, ६० टक्के कंपनीत तपासणी होऊन डिस्पॅचच्या वेळी, १० टक्के चाचण्यांनंतर, अशी टप्प्याची रक्कम सोडण्याबाबत जिल्हा अग्रणी बँकेच्या बैठकीत विषय मांडावा.

तिसरं, चार-पाच जाणत्या इंजिनिअरांचं पॅनेल. वाद झाला की दोन्ही बाजूंसमोर मशीन उघडून एकत्र पाहणी करायची आणि त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये रिपोर्टवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. मशीन पुन्हा बसवल्यावर दोष कशात होता हे सांगणारा पुरावा राहत नाही. पॅनेलवरचा माणूस त्या मशीनच्या धंद्यातला विक्रेता नसावा, आणि फी दोघांनी निम्मी निम्मी भरावी.

अटींचा मसुदा आम्ही लिहून ठेवला आहे. आपण बैठकीची तारीख कळवली की घेऊन येतो. येताना प्रत्येक संघटनेनं सभासदांकडची गेल्या दोन वर्षांतली पाच-सहा कोटेशनं, मागच्या पानासकट, आणावीत.

आपले,
यंत्रखरेदी, मेंटेनन्स आणि करारांचं काम पाहणारे काही कोल्हापूरकर